इंग्रजी बोलण्याच्या बोलीवर

स्पेनमधल्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि पुन्हा भरतात त्या थेट सप्टेंबर उजाडल्यावर. मधे जवळजवळ अकरा आठवडे. मुलांची चंगळ. आईबापांच्या पोटात मात्र मार्चपासूनच गोळा यायला लागतो, कारण नोकरदाराची हक्काची रजा कायद्याने किमान ३० दिवसांची आणि त्यात शनिवार-रविवारही मोजलेले. नवराबायकोने आळीपाळीने रजा टाकली तरी दोनच महिने भरतात. आणि तशी टाकली, तर सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं कधी?

या अकरा आठवड्यांना स्पॅनिश घरं नाना तऱ्हांनी ठिगळं लावतात. बऱ्याच कचेऱ्या उन्हाळ्यात ‘होर्नादा इन्तेन्सिवा’ पाळतात, म्हणजे सकाळी आठला सुरू करून दुपारी तीनला काम बंद, मधे जेवणाची लांबलचक सुटी नाही. शाळांच्या आवारात आणि पालिकेच्या क्रीडासंकुलांत शिबिरं भरतात. सगळ्यांत मोठा आधार अर्थातच आजी-आजोबांचा. नातवंडं सांभाळायला व्हिसा काढून सहा-सहा महिने न्यू जर्सीत जाऊन राहणारे ठाण्या-पुण्याचे आजी-आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण ज्यांचे आजी-आजोबा दुसऱ्या गावी आहेत किंवा ज्यांच्या गुडघ्यांनी आता रजा मागितली आहे, आणि ज्यांच्या घरात एक खोली जास्तीची आहे, अशी माद्रिद-बार्सिलोनाच्या उपनगरांतली बऱ्यापैकी कमावती घरं आणखी एक वाट धरतात. वसंताच्या सुरुवातीला एखाद्या संकेतस्थळावर घरच्यांचा हसरा फोटो टाकायचा, मुलांची वयं लिहायची, कुत्रा आहे की नाही आणि पोहायचा तलाव आहे की नाही हे सांगायचं, आणि आयर्लंड, इंग्लंड, अमेरिका किंवा नेदरलँड्समधल्या विशीच्या एखाद्या मुलीला उन्हाळाभर घरी बोलवायचं. तिला राहायला खोली, तिन्ही वेळचं खाणंपिणं, आठवड्याला साधारण ७०-८० युरो हातखर्च. बदल्यात तिने मुलं सांभाळायची.

आणि त्यांच्याशी इंग्रजीतच बोलायचं. जाता जाता जोडल्यासारखी वाटणारी ही अट या सगळ्या व्यवहारातली मुख्य वस्तू आहे.

अशा मुलीला ‘ओ पेअर’ म्हणतात. ती मोलकरीण नाही, पाहुणीही नाही. युरोपात तिचं स्थान कागदावर आलं ते २४ नोव्हेंबर १९६९ रोजी. काउन्सिल ऑफ युरोपने स्ट्रासबुर्गला त्या दिवशी एक करार सह्यांसाठी खुला केला. सरकारी कागद सहसा रुक्ष असतात, पण या कराराच्या प्रस्तावनेत एक प्रामाणिक पेच उघडाच ठेवलेला आहे. ओ पेअर धड विद्यार्थी नाही आणि धड कामगारही नाही, दोघांचीही लक्षणं असलेला हा एक तिसराच वर्ग आहे, असं त्यात म्हटलं आहे. वय १७ ते ३०. मुक्काम एक वर्ष, वाढवून फार तर दोन. काम म्हणजे घरच्या रोजच्या कामांत हातभार, तोही साधारणपणे दिवसाला पाच तासांहून जास्त नाही. आठवड्यात एक पूर्ण दिवस मोकळा आणि महिन्यातला निदान एक मोकळा दिवस रविवारी, म्हणजे प्रार्थनेला जाता यावं. शक्य असेल तर स्वतंत्र खोली. भाषेच्या वर्गाला जायला पुरेसा वेळ. सगळं लेखी.

स्पेनने हा करार १९८८ साली मंजूर केला. युरोपीय समुदायात येऊन त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं हे त्या अटींवरून सहज कळतं. आईबापांची धास्ती कमी व्हावी अशा बेताने, परक्या देशाची भाषा शिकायला एका भल्या घरी उतरलेली मुलगी. भाषा त्या घराची आणि शिकणारी ती. घरकामातला हातभार ही तिची फी, असं म्हटलं तरी चालेल. स्पेनमध्ये हा व्यवहार उलटा झाला. इथे भाषा मुलगी घेऊन येते आणि शिकायचं घराने. ती आली असते स्पॅनिश शिकायला, पण तिला घरात घेतलेलं असतं स्पॅनिश न बोलण्यासाठी. काही घरांत तर तिला आधीच बजावलेलं असतं, की तुला स्पॅनिश कळतं हे मुलांना कळू देऊ नकोस. सहा वर्षांचा मुलगा लबाड असतो. समोरचीला आपली भाषा येते असा वास लागला, की तो इंग्रजीचा एक शब्द काढणार नाही. मग ही बिचारी दिवसभर न कळल्याचं सोंग आणते, आणि संध्याकाळी चोरासारखं स्वतःच्याच खोलीत क्रियापदं चालवते.

स्पेनला इंग्रजीची एवढी भूक का, याची एक गोष्ट सिनेमाच्या पडद्यावरची आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने २३ एप्रिल १९४१ च्या हुकमाने परदेशी चित्रपट मूळ भाषेत दाखवायला बंदी घातली. पडद्यावर कुणीही ओठ हलवो, आवाज स्पॅनिशच हवा. सक्ती काही वर्षांत उठली. सवय मात्र उठली नाही. डबिंग हा तिथे भरभराटीचा धंदा झाला आणि पिढ्यान् पिढ्या हॉलिवुडचे नट अस्सल कास्तिलियनमध्ये बोलत राहिले. पोर्तुगालमध्ये लोक सबटायटल्स वाचत मूळ आवाज ऐकत होते, शेजारच्या स्पेनमध्ये इंग्रजी कानांवर पडतच नव्हतं. शाळेत परकी भाषा म्हणून बराच काळ फ्रेंचचा जोर होता. पुढे पर्यटन वाढलं, युरोपचे दरवाजे उघडले, आणि आपल्याला इंग्रजी येत नाही ही बोच घराघरांत शिरली. १९९६ मध्ये शिक्षण मंत्रालयाने ब्रिटिश कौन्सिलबरोबर करार करून काही सरकारी शाळांत इंग्रजी-स्पॅनिश अभ्यासक्रम आणला. माद्रिद प्रांताने २००४ मध्ये स्वतःचा द्विभाषिक शाळांचा कार्यक्रम सुरू केला, तो २६ शाळांपासून. आता विज्ञान इंग्रजीतून शिकणारी मुलं आणि त्यांचा गृहपाठ न कळणारे आईबाप, हे दृश्य माद्रिदमध्ये सर्रास दिसतं. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाने जे घडवलं तेच थोडं उशिरा, जरा वेगळ्या कपड्यांत.

म्हणून प्रत्येक वस्तीत एक इंग्रजीची ‘अकादेमिया’ आणि प्रत्येक इयत्तेच्या पालकांकडे खासगी शिकवणीवाल्यांचे दोन-तीन नंबर. शिकवणीचा दर तासाला १५ ते २० युरो सहज. आता हिशेब मांडून पाहावा. ओ पेअरला आठवड्याचा मिळणारा हातखर्च म्हणजे चार-पाच तासांच्या शिकवणीचे पैसे. तेवढ्यात घराला आठवड्याचे तीस तास इंग्रजी मिळतं, शिवाय मुलं सांभाळून मिळतात ती वेगळीच. खोली आणि जेवणाची किंमत धरली तरी सौदा घराच्या पथ्यावर पडणारा आहे. घरकाम करणाऱ्या बाईला २०२५ च्या किमान वेतनाप्रमाणे तासाला ९.२६ युरो द्यावे लागत. ओ पेअरच्या हातखर्चाला तीस तासांनी भागलं तर उत्तर अडीच युरोच्या आसपास येतं.

हे बेकायदा नाही, आणि गंमत तिथेच आहे. घरकामगारांसाठी स्पेनने १४ नोव्हेंबर २०११ ला जो हुकूम काढला (शाही हुकूम क्र. १६२०/२०११), त्यातून ओ पेअर वगळलेली आहे. जेवण, निवारा किंवा खर्चाची साधी भरपाई यांच्या बदल्यात मुलांची देखभाल, भाषा शिकवणं असं काही केलं जात असेल, तर ते कौटुंबिक सहवासाचं नातं धरावं, नोकरीचं नाही, असं तो हुकूम म्हणतो. इतर घरकाम तेवढं किरकोळ असलं पाहिजे. त्यातले ‘भाषा शिकवणं’ हे शब्द मोलाचे आहेत. स्ट्रासबुर्गच्या कराराला भाषा शिकणारी मुलगी दिसत होती; माद्रिदच्या हुकमाला भाषा शिकवणारी दिसते, आणि शिकवण्याला पगार लागत नाही हेही त्याने ठरवून टाकलं आहे. २०२२ मध्ये घरकामगार बायकांना स्पेनने बेकारी भत्त्याचा हक्क दिला, तो त्यांच्या संघटनांच्या कैक वर्षांच्या भांडणातून. ओ पेअरची संघटना होणार कशी? ती सप्टेंबरात विमानात बसलेली असते.

माद्रिदच्या पश्चिमेला पोझुएलो दे अलार्कोन नावाचं उपनगर आहे. देशातल्या सर्वाधिक उत्पन्नाच्या शहरांच्या यादीत ते वर्षानुवर्षं पहिलं असतं. आखीव वसाहती, मधे सामाईक तलाव, तलावावर शिट्टी घेतलेला जीवरक्षक. अशा घरातला जुलैमधला एक दिवस साधारण असा जातो.

सकाळी साडेसातला आईबाप गाडीच्या किल्ल्या शोधत बाहेर पडतात. मुलं नऊला उठतात. दुधात कोला काओ घालायचा. ही भुकटी १९४६ पासून स्पेनच्या सकाळींना चॉकलेटी रंग देत आली आहे. ती नीट विरघळत नाही, वर गोळ्या तरंगतात, आणि त्या चमच्याने खायच्या की फोडायच्या यावर दोन भावंडांची भांडणं होतात. सोबत मारिया बिस्किटं, दुधात बुडवून. मग ‘वाकासिओनेस सान्तियाना’. ही सुटीतली स्वाध्यायपुस्तिका. रोज दोन पानं सोडवायची असा आईचा दंडक, आणि ती सोडवून घ्यायचं काम ओ पेअरचं. बेरजा ठीक आहेत, पण स्पॅनिश व्याकरणाचं पान तिलाच कळत नाही, आणि तिला कळत नाही याचा आनंद पोरांना केवढा होतो! अकराला तलाव. अंगाला क्रीम फासणं, हे आठ वर्षांच्या मुलाशी केलेलं युद्धच. बाराच्या सुमारास तलावाकाठी आजूबाजूच्या घरांतल्या ओ पेअर जमतात, दहा मिनिटं आपापसांत बोलून घेतात. कुणाला किती हातखर्च, कुणाच्या घरी रात्री भांडी घासायला लावतात, हे सगळं बाजारभावाचं ज्ञान तिथेच मिळतं.

दोननंतर उन्हाळा खरा रंग दाखवतो. माद्रिदला जुलैत दुपारी तेहेतीस-चौतीस अंश नेहमीचे, चाळिशीही अधूनमधून गाठते. दक्षिणेत कोर्दोबाजवळच्या ला राम्ब्लाला १४ ऑगस्ट २०२१ रोजी ४७.६ अंश नोंदले गेले. चंद्रपूरच्या वाचकाला यात नवल नाही, आयर्लंडमधल्या कॉर्कहून आलेल्या मुलीला आहे. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे, ‘पेर्सियाना’, दिवसाढवळ्या पूर्ण खाली ओढून घर अंधारं करायचं हे तिला दोन-तीन दिवसांनी कळतं. तोवर ती बिचारी हवा यावी म्हणून खिडक्या उघडत असते आणि सगळी वाफ आत घेत असते.

तीन-साडेतीनला आईबाप परततात. जेवण होतं. गार गास्पाचो, बटाट्याचं ऑम्लेट, कधी मसूर. जेवल्यावर दोन तास तलावात पाय टाकायचा नाही. पचन अर्ध्यावर तुटतं अशी स्पॅनिश आयांची पक्की समजूत आहे आणि तिच्यापुढे कुठल्याही डॉक्टरचं काही चालत नाही. इथपर्यंत मुलीचे किती तास भरले? साडेसातपासून मोजले तर आठ.

कराराचे पाच तास आणि उन्हाळ्यात ओ पेअर ठेवण्याचं कारण, या दोन गोष्टी मुळात एकमेकींत बसतच नाहीत. शाळेच्या दिवसांत बसतात. मुलं दिवसभर शाळेत, संध्याकाळी चार तास तिच्याकडे. सकाळी ती भाषेच्या वर्गाला जाऊ शकते. उन्हाळ्यात ज्यांना तिची गरज असते ते दोघं आठ ते तीन कामावर असतात, वर जाण्यायेण्याचा वेळ. म्हणजे यजमान कितीही भला असला तरी पाच तासांची मर्यादा पहिल्याच दिवशी दुपारी साडेबाराला संपलेली असते. कुणी वाईट वागतं म्हणून ती मोडते असं नाही. भली घरं मग संध्याकाळ तिला मोकळी देतात, शनिवार-रविवार दोन्ही सोडतात, हिशेब बसवतात. बाकीच्या घरांत संध्याकाळी ‘तू तशीही घरीच आहेस’ हे वाक्य येतं, आणि मग मेरिएन्दा, म्हणजे पाचच्या पावाच्या तुकड्यापासून रात्रीच्या आंघोळीपर्यंत ती पुन्हा कामावर.

आणि रात्र तर उशिरा होते. जूनअखेर माद्रिदला सूर्य पावणेदहाला मावळतो, कारण १९४० च्या मार्चमध्ये स्पेनने घड्याळं एक तास पुढे करून बर्लिनच्या वेळेशी जुळवली ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. दहाला मुलं जेवतायत, अकराला पायजमे शोधतायत, हे इथे लाड नसून रीत आहे. डब्लिनमध्ये मुलं साडेसातला झोपवायची सवय असलेल्या मुलीची ‘मोकळी संध्याकाळ’ अशी मध्यरात्रीच्या दाराशी जाऊन उभी राहते.

स्पॅनिश घरांत इंग्रजीसाठी परकी मुलगी आणण्याची रीत करारापेक्षा खूप जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिल्बाओच्या लोखंड-पोलादाच्या आणि जहाजांच्या पैशावर मोठ्या झालेल्या घरांना मुलांसाठी ‘मिस’, म्हणजे घरी राहून इंग्रजी शिकवणारी बाई, लागे. पसंती आयर्लंडच्या मुलींना, कारण इंग्रजी बोलणारी आणि वर कॅथलिक, असा दुहेरी लाभ दुसरीकडे कुठे मिळणार? लिमरिकची केट ओब्रायन (जन्म १८९७) ही त्यांतलीच. डब्लिनला पदवी घेतलेली ही मुलगी १९२२ मध्ये बिल्बाओजवळच्या पोर्तुगालेते गावी आरेइल्सा कुटुंबात मिस म्हणून गेली आणि वर्षाच्या आत परतली. तिचा तिथला विद्यार्थी होसे मारिया दे आरेइल्सा फ्रँकोच्या मृत्यूनंतर डिसेंबर १९७५ मध्ये स्पेनचा परराष्ट्रमंत्री झाला. लोकशाहीकडे निघालेल्या स्पेनची बाजू जगापुढे मांडणाऱ्या माणसाच्या लहानपणी अशी एक लिमरिकची मुलगी होती.

केटने तो अनुभव वाया जाऊ दिला नाही. १९३६ मध्ये तिची ‘मेरी लॅवेल’ ही कादंबरी आली. स्पेनमध्ये मिस म्हणून आलेली आयरिश मुलगी यजमानांच्या विवाहित मुलाच्या प्रेमात पडते, अशी कथा. आयर्लंडच्या सेन्सॉर मंडळाने तिच्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या यादवी युद्धावर तिने ‘फेअरवेल स्पेन’ लिहिलं, त्यात प्रजासत्ताकाची बाजू घेतली. त्यापायी फ्रँकोच्या स्पेनने तिला १९५७ पर्यंत देशात येऊ दिलं नाही. मॉरा लॅव्हर्टी ही दुसरी आयरिश लेखिकाही विशीच्या आत, १९२४ च्या सुमारास, अशीच स्पेनला गेली होती आणि तिनेही त्यावर कादंबरी लिहिली. या मिस मुलींचं दुखणं आजच्यासारखंच होतं. घरच्यांबरोबर जेवायला बसायचं की नोकरांबरोबर, हे कुणी धड सांगत नसे. त्या मात्र पगारी होत्या, हा फरक विसरून चालणार नाही.

मधल्या काळात प्रवाह उलटा वाहिला. १९६० च्या दशकात हजारो स्पॅनिश बायका पॅरिसच्या श्रीमंत वस्त्यांत घरकामाला गेल्या आणि इमारतींच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या, पाण्याची सोय नसलेल्या खोल्यांत राहिल्या. फिलिप ल गेचा २०१० चा ‘ले फाम द्यु सिझियेम एताज’ हा चित्रपट त्यांच्यावरच आहे. गमतीदार आहे, जरा गोडही केला आहे. २००८ च्या मंदीनंतर पुन्हा तेच. २०१३ साली स्पेनमध्ये पंचविशीच्या आतल्या तरुणांतली बेकारी ५५ टक्क्यांच्या वर गेली, आणि पदव्या घेतलेल्या मुली लंडन-डब्लिनला ओ पेअर म्हणून निघाल्या. त्याच काळात लंडनच्या मुली उन्हाळ्यासाठी माद्रिदला येत होत्या. दोन्ही बाजूंना काम एकच, मुलं सांभाळणं. भाषेचा बाजारभाव तेवढा निराळा.

ऑगस्टमध्ये माद्रिद ओस पडतं. पहिल्या शनिवार-रविवारी महामार्गांवर गाड्यांची रीघ लागते, वाहतूक खातं त्याला ‘ओपेरासिओन सालिदा’ म्हणतं, आणि बातम्यांत दर तासाला आकडे येतात. घर सान्तान्देरला, वालेन्सियाच्या किनाऱ्यावर किंवा आजीच्या गावी हलतं, आणि ओ पेअर सामानासकट त्यांच्यासोबत. कागदावर ही तिची चैन. समुद्र फुकट, प्रवास फुकट. प्रत्यक्षात स्वतंत्र खोली गेलेली असते, मुलांच्या खोलीतला बंक बेड मिळालेला असतो. ‘कामाची वेळ’ ही कल्पनाच वितळते, कारण आता सगळेच सुटीवर आहेत आणि सुटीवर असलेल्या माणसांत एकटीने घड्याळ बघणं तिलाच ओशाळवाणं वाटतं. माद्रिदला निदान मोकळ्या दिवशी रेतिरो बागेत किंवा पुएर्ता देल सोलला अस्वलाच्या पुतळ्याखाली मैत्रिणी भेटत होत्या. चारशे वस्तीच्या गावात कोण भेटणार? पण याच गावात तिचं स्पॅनिश सुधारतं, हेही खरं. आजीला इंग्रजीशी देणंघेणं नसतं. ती तिला ओट्याशी उभी करते, ऑम्लेट ताटलीवर कसं उलटायचं ते दाखवते, आणि अखंड बोलते. महिनाभर न मिळालेली भाषा तिथे फुकट मिळते.

भाषेच्या वर्गाचं मात्र उन्हाळ्यात जमत नाही. सरकारी ‘एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास’ ही स्पेनमधली स्वस्त आणि चांगली सोय; तिची माद्रिदची पहिली शाळा १९११ ची. पण तिचं वर्ष शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतं. खासगी वर्ग असतात, ते सकाळी, म्हणजे मुलं तलावावर असतात त्याच वेळी. बार्सिलोनाच्या घरी उतरलेल्या मुलीला आणखी एक चकवा बसतो. घरात, बागेत, मुलांच्या शिबिरात कॅतलान ही तिथली वेगळी भाषा चालते, आणि ती उन्हाळा संपवून परतते तेव्हा कॅतलानमध्ये ‘पाणी दे’ आणि ‘मारू नकोस’ एवढं तिला उत्तम येत असतं.

घर आणि नोकरी यांच्यामधल्या या फटीत काय काय पडू शकतं, याची उदाहरणं इतर देशांत आहेत. लंडनमध्ये २०१७ साली २१ वर्षांच्या एका फ्रेंच ओ पेअरचा ती ज्यांच्याकडे राहत होती त्या जोडप्याने छळ करून खून केला. पुढच्या वर्षी दोघांना जन्मठेप झाली. हे टोक. पण रोजचा अन्याय शांतपणे, हिशेबात चालतो. अमेरिकेत ओ पेअर मुलींनी एजन्सींवर सामूहिक दावा लावला, की आठवड्याचे १९५.७५ डॉलर हा किमान दर आहे आणि एजन्सींनी संगनमत करून तो कमाल दर केला. जानेवारी २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनच्या संघीय अपील न्यायालयाने मॅसॅच्युसेट्सचं किमान वेतन ओ पेअरलाही लागू आहे असा निर्णय दिला. तिथली अनेक घरं त्यानंतर म्हणाली, की मग आम्हाला परवडत नाही. या एका वाक्यात सगळं येतं. नॉर्वेने २०२४ मध्ये युरोपबाहेरच्या मुलींसाठीची योजनाच गुंडाळली. तिथे येणाऱ्यांत फिलिपिन्सच्या मुली सर्वाधिक होत्या, आणि त्या नॉर्वेजियन शिकायला येत नसून घरी पैसे पाठवायला येतात हे कुणापासून लपलेलं नव्हतं. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशात युरोपबाहेरच्या ओ पेअरसाठी आठवड्याला २५ तासांची कमाल मर्यादा आहे, पण ओ पेअरचं कलम स्वीकारणं न स्वीकारणं सदस्य देशांच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

सगळीच घरं अशी नसतात हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. उन्हाळ्यापुरती आलेली मुलगी पुढच्या नाताळात पुन्हा त्याच घरी येते, मुलांच्या पहिल्या कम्युनियनला बोलावली जाते, अशी घरं पुष्कळ. ती ओळखायची खूण फोटोत सापडत नाही, व्हिडिओ कॉलवर सापडते. जुन्याजाणत्या ओ पेअर नव्यांना बजावतात, की तास कोण मोजणार, ऑगस्टमध्ये झोपायचं कुठे, आजारी पडले तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे आधी विचारा आणि लिहून घ्या. आणि मागच्या वर्षीच्या मुलीचा नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, की कॉल संपवा.

आता मराठी घरातल्या मुलीने जायचं म्हटलं तर? इथे पासपोर्टचा रंग आडवा येतो. युरोपीय संघाच्या नागरिकाला स्पेनमध्ये राहायला-कमवायला परवानगी लागत नाही, आणि हा हक्क गोव्यातल्या काही घरांत आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. ते घेतलं की भारताचं सुटतं. तेव्हा आजोबांच्या जन्मदाखल्याच्या जोरावर लिस्बनचा पासपोर्ट काढलेली मडगावची मुलगी उद्या सकाळी बार्सिलोनाच्या घरी ओ पेअर म्हणून रुजू होऊ शकते. सावंतवाडीच्या तिच्या मामेबहिणीला ते जमणार नाही. तिच्यासाठी शेंगेन पर्यटक व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो, पण त्यावर काम करता येत नाही, आणि मुलं सांभाळून हातखर्च घेणं पर्यटनात मोडत नाही. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडच्या मुलींचीही गत तीच झाली आहे. राहिला विद्यार्थी व्हिसा. त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत पूर्णवेळ अभ्यास आणि दरमहा ६०० युरोच्या हिशेबाने पैशांचा पुरावा लागतो, म्हणजे उन्हाळ्यापुरता हा खटाटोप परवडणारा नाही.

पासपोर्टखेरीज उच्चारही आडवा येतो. स्पॅनिश घरांच्या जाहिरातींत ‘नातिवा’, म्हणजे इंग्रजी मातृभाषाच असलेली, ही अट सर्रास असते. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं घालवलेल्या, घरी भावंडांशी इंग्रजीत भांडणाऱ्या पुण्याच्या मुलीचं इंग्रजी त्या अटीत बसत नाही. व्याकरणात कच्च्या असलेल्या मँचेस्टरच्या मुलीचं बसतं. विकायची वस्तू भाषा असल्यावर तिच्यावर छाप कुठल्या गावाची आहे हे गिऱ्हाईक बघणारच, पण हा चोखंदळपणा नुसत्या उच्चारासाठी नसून चेहऱ्यामोहऱ्यासाठीही असतो, हे तिथल्या मुलीही मोकळेपणी बोलतात.

त्यामुळे महाराष्ट्रातून ओ पेअर व्हायला निघालेल्यांनी पाहावं असं दार जर्मनीचं. तिथे त्यासाठी स्वतंत्र व्हिसा आहे. वय १८ च्या पुढे आणि अर्ज करताना २७ च्या आत, ए-वन पातळीचं जर्मन, महिन्याला २८० युरो हातखर्च, शिवाय भाषेच्या वर्गासाठी घराकडून महिन्याला ७० युरो, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम, आणि मुक्काम सहा महिने ते एक वर्ष. उन्हाळ्यापुरतं जाऊन येणं तिथे नाही. जर्मनीने अजून भाषा घराकडून मुलीकडे जावी असाच नियम ठेवला आहे. घरात जर्मन ही मातृभाषा असावी. घरची बोलण्याची भाषा जर्मन असली तरी ती मातृभाषा नसेल, तर यजमानांच्या मूळ देशातली मुलगी चालत नाही, आणि नात्यातली तर नाहीच. म्यूनिकमधल्या मराठी दांपत्याला मुलांच्या कानांवर मराठी पडावं म्हणून कोल्हापूरची भाची वर्षभर आणून ठेवायची असेल, तर ओ पेअरच्या व्हिसावर तिला आणता येत नाही.